सेठची उचल आणि दाराची कडी

कळव्याच्या ताई,

तुम्ही लिहिता, की १३ वर्षांचा भाचा दुसऱ्या जिल्ह्यात फरसाणाच्या गाळ्यावर राबत होता. रात्री शटरला बाहेरून कुलूप. आईने १५,००० रुपये उचल घेतली होती. तो पळून तुमच्याकडे आला, पण गादीखाली चपात्या लपवतो, दाराशी झोपतो, संडासलाही विचारून जातो. परवा तर म्हणाला, "मी परत जातो, नाहीतर सेठ आईला सोडणार नाही." याला इथे करमत नाही का, असं तुम्ही विचारलंय.

करमण्याचा प्रश्नच नाही. तो सुटला, पण उचल आईच्या डोक्यावर आहे असं त्याला वाटतं. म्हणून सुरुवात तिथून करा. वेठबिगारी बंद करणाऱ्या १९७६ च्या कायद्याने असलं कर्ज आपोआप रद्द होतं. रद्द झालेल्या उचलीपोटी पैसे घेणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'मिटवून टाकू' म्हणून एक पैसाही देऊ नका. सेठचा फोन आला तर वाद घालू नका, पत्ता सांगू नका, कॉल रेकॉर्ड करा. आईला बोलावून घ्या आणि "आपण कुणाचं काही देणं लागत नाही" हे तिच्याच तोंडून त्याला ऐकू द्या. तुम्ही शंभरदा सांगून पटणार नाही.

आजच १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. ते त्याला ठाणे जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे नेतील. गाळा दुसऱ्या जिल्ह्यात असला तरी तुमच्या पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर होतो. 'तिकडे जा' म्हणाले तरी उठू नका. हातावरचे गरम तेलाने भाजल्याचे डाग छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात दाखवून तारखेसह केसपेपर घ्या, कारण डाग पुसट होत जातात आणि पुरावाही. वेठबिगारीतून मुक्ततेचा दाखला जिल्हा प्रशासन देतं. तो लेखी अर्ज करून मागा आणि अर्जाची पोच घ्या. सरकारची तातडीची मदत ३०,००० रुपयांपर्यंत असते, तिला खटल्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. पुनर्वसनाची मोठी रक्कम मात्र खटल्याशी बांधलेली असते.

आता घरातलं. चपात्या काढून घेतल्यात तर तो आणखी आत लपवेल आणि त्या तिथेच बुरसतील. त्याच्या नावाचा एक स्टीलचा डबा करा: चणे, गूळ, कुरमुरे. संपला की त्याच्यादेखत भरा, किती खाल्लं ते मोजू नका. डबा रिकामा राहत नाही हे पटलं की लपवणं बहुधा आपोआप कमी होतं. उपाशी राहिलेल्या पोटाला एकदम भरपेट सोसत नाही, तेव्हा थोडं थोडं, पाच-सहा वेळा. पायावर सूज किंवा खूप अशक्तपणा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर.

दाराशी झोपू दे. कडी आतून आहे, हे त्याला स्वतः उघडून-लावून पाहू दे. गंमत म्हणूनसुद्धा बाहेरून कडी लावू नका. सकाळी खालच्या दुकानांची शटरं वाजतात तेव्हा तो दचकणार, "काय झालं?" म्हणून हलवू नका, समोर येऊन नावाने हाक मारा. ५० रुपये देऊन कोथिंबीर आणायला पाठवा, उरलेल्या पैशांचं काय करायचं ते तो ठरवेल. ठाण्याच्या तलावपाळीला फिरायला न्यायचं तर सकाळी अकराला, संध्याकाळच्या गर्दीत नको.

येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना त्याची कहाणी ऐकवायला लावू नका (आपल्याकडे हा मोह कुणाला आवरत नाही). सेठ कधी वडापाव द्यायचा असं तो कौतुकाने सांगेल, तेव्हा रागावूही नका. तिथे त्याला दुसरं मोठं माणूस नव्हतं. झोप उडालेलीच राहिली, अंथरूण ओलं होऊ लागलं किंवा स्वतःला इजा केली, तर १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर (टेली-मानस) मराठीत मोफत बोलता येतं. अंगाशी कुणी लगट केल्याचा संशय आला तर स्वतः खोदून विचारू नका, समितीच्या समुपदेशकाला कळवा.

शाळेचं म्हणाल, तर शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून महापालिकेची शाळा नाकारू शकत नाही. वयाप्रमाणे वर्ग आणि मागे राहिलेल्या अभ्यासाचं विशेष प्रशिक्षण, दोन्ही मागा. दुसरीच्या बाकावर बसवला तर तो आठवड्यात शाळा सोडेल. जूनपर्यंत थांबायची गरज नाही, प्रवेश वर्षात कधीही मिळतो.