ब्रेड मशीनमध्ये मैदा, यीस्ट, मीठ, साखर, तेल, दूध पावडर यातलं नक्की काय लागतंच आणि काय वगळलं तर चालतं? माझा ब्रेड छान फुगतो आणि शेवटी मध्येच खाली बसतो.

लागतातच अशा चारच गोष्टी: पीठ, पाणी, यीस्ट आणि मीठ. बाकीचं सगळं ब्रेड मऊ व्हावा, रंग चांगला यावा, दुसऱ्या दिवशीही खाता यावा यासाठी असतं, ते कमीजास्त केलंत तरी ब्रेड होतो. पण या चौघांचं प्रमाण चुकलं की काही खरं नाही, कारण हाताने मळताना पीठ सैल वाटलं की आपण चिमूटभर पीठ भुरभुरतो, घट्ट वाटलं की पाण्याचा हात लावतो, मशीनला ते कळत नाही, ते आपलं ठरलेल्या वेळेला मळतं, ठरलेल्या वेळेला भाजतं.

आधी पीठ. गव्हातली प्रोटीन्स पाण्यात भिजून मळली गेली की ग्लुटेन तयार होतं, आणि यीस्टने सोडलेला गॅस तेच धरून ठेवतं. म्हणून पाकिटाच्या मागे 100 ग्रॅमला प्रोटीन किती लिहिलंय ते आधी बघा. 12-13 ग्रॅम असेल तर उत्तम, 10-11 असेल तर ब्रेड होतो पण थोडा बुटका होतो आणि पाणीही जरा कमी घालावं लागतं. पूर्ण कणकेचा ब्रेड करायचा असेल तर तो मैद्याइतका फुगेल अशी अपेक्षाच ठेवू नका, कोंडा ग्लुटेनच्या आड येतो आणि पाणीही जास्त पितो, त्यामुळे सुरुवातीला निम्मी कणीक निम्मा मैदा घ्या.

आता पाणी, आणि तुमचा घोळ बहुतेक इथेच आहे. 500 ग्रॅम मैद्याला साधारण 310 ते 325 मिली पाणी लागतं. कपाने मोजत असाल तर ते आजपासून बंद करा, कारण एकाच कपात हलक्या हाताने भरलं तर 120 ग्रॅम मैदा बसतो आणि दाबून भरलं तर 150, म्हणजे साडेतीन कपात शंभरेक ग्रॅमचा फरक, आणि पाणी मात्र तेवढंच! वजनकाटा घ्या, पॅन काट्यावर ठेवून त्यातच सगळं मोजत जा. आणि मळायला सुरुवात झाल्यावर सात-आठ मिनिटांनी झाकण उघडून बघा, मळत असताना उघडलं तर काही बिघडत नाही (भाजताना मात्र उघडू नका). गुळगुळीत गोळा झालेला हवा, बोट लावलं तर किंचित चिकटेल पण बोटाला लागून येणार नाही असा. पॅनच्या तळाला पसरून चिकटलेला दिसला तर एक चमचा पीठ घाला, कोरडा होऊन भेगा पडल्या असतील, पॅडल अडखळत असेल तर एक चमचा पाणी घाला आणि पुन्हा दोन मिनिटं थांबून बघा.

मीठ चवीपुरतं असतं असं समजून बरेच जण ते निम्मं करतात किंवा गाळतात, आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण मीठ यीस्टला आवरून धरतं आणि ग्लुटेनला बळकटी देतं. मीठ कमी पडलं की पीठ भराभर फुगतं आणि भाजायची वेळ येईपर्यंत दमून खाली बसतं. तुमचं वर्णन अगदी असंच आहे. 500 ग्रॅमला 9-10 ग्रॅम मीठ घाला. यीस्ट इन्स्टंट असेल तर 5 ग्रॅम पुरे, जास्त फुगावा म्हणून वाढवलंत तरी हाच प्रकार होतो. यीस्ट जिवंत आहे का याची शंका असेल तर अर्धा कप कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि चमचाभर यीस्ट घालून दहा मिनिटं ठेवा, वर फेस आला नाही तर टाकून द्या. पाणी कोमटच हवं, कडकडीत पाण्यात यीस्ट मरतं.

साखर एक-दोन चमचे असते ती मुख्यतः कवचाला रंग यावा म्हणून. यीस्ट पिठातल्या स्टार्चपासून सुटणाऱ्या साखरेवरही जगतं, त्यामुळे वगळली तरी चालेल. उलट साखर खूप घातली तर फुगायलाच वेळ लागतो. तेल किंवा बटर दोन चमचे घातलं की ब्रेड मऊ राहतो. दूध पावडरनेही मऊपणा आणि रंग येतो, आणि रात्री टायमर लावून ठेवणार असाल तर ताज्या दुधाऐवजी तीच वापरा, दूध तासनतास बाहेर राहिलं तर नासेल.

टायमर लावताना आणखी एक, यीस्टला आधीच पाणी लागता कामा नये. बहुतेक मशीनमध्ये आधी पाणी आणि तेल, मग मीठ-साखर, त्यावर पीठ आणि सगळ्यात वर पिठात छोटा खळगा करून यीस्ट असा क्रम असतो, काही मशीनमध्ये बरोबर उलटा, त्यामुळे तुमच्या मशीनच्या पुस्तकात दिलेला क्रमच पाळा.

पुढच्या वेळी यीस्ट 5 ग्रॅम, मीठ 9 ग्रॅम आणि पाणी 310 मिली वजन करून घाला. तरीही मध्ये बसला तर त्याच्या पुढच्या वेळी फक्त पाणी 15 मिली कमी करा, बाकी कशालाही हात लावू नका, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल.