गाडी तीन-चार महिने उभी राहणार आहे, टाकी भरून ठेवू की रिकामी?

भरून. काठोकाठ.

आमचे भावोजी याच्या बरोबर उलट सांगतात. पेट्रोल खराबच होणार, मग भरायचं कशाला? म्हणून परगावी जाताना त्यांनी त्यांची कार्बोरेटरवाली (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली) मोटरसायकल तळाशी जेमतेम पेट्रोल ठेवून आमच्या दारात लावली. पावसाळा तिथेच गेला. परत आल्यावर किक मारून मारून घामाघूम! चोक ओढला की सुरू, चोक सोडला की बंद. मेकॅनिकने प्लग बदलला, मग बॅटरी. (किकने सुरू होणाऱ्या गाडीत बॅटरीवर संशय का, हे विचारायची सोय नव्हती.) पायलट जेट, म्हणजे इंजिन संथ चालताना पेट्रोल सोडणारं कार्बोरेटरमधलं बारीक भोक, तुंबलंय, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. शेवटी कार्बोरेटरची, पेट्रोल साठवणारी वाटी उघडली. तळाशी मधासारखा चिकट थर आणि वार्निशचा वास.

वाटीला हवेचं भोक असतं. पेट्रोलमधले हलके घटक तिथून उडून जातात, मागे राहिलेलं हवा लागून चिकट होतं आणि सगळ्यात बारीक भोक आधी बुजतं. ते तार घालून उघडू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो.

टाकीतही तेच. जितकी जागा मोकळी तितकी दमट हवा, आणि गार पडल्यावर पत्र्याला आतून पाणी सुटतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल ते पाणी ओढून घेतं, आणि फार झालं की दोघंही पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतात. इंजिनला जातं ते तळाचंच.

यावर भावोजींचं म्हणणं, "रोज पाच मिनिटं सुरू करायचीस की!" अजिबात नको. सायलेन्सर नीट तापत नाही, आतलं पाणी आतच राहतं. सुरू करायचीच तर इंजिन पुरतं तापेपर्यंत फिरवून आणा.

कार्बोरेटर असेल तर टाकीचा कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडू द्या, मग ड्रेन स्क्रू सैल करून वाटीतलं उरलंसुरलं काढा. एफआय (फ्युएल इंजेक्शन, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या) गाडीत ही भानगड नाही, पण पंप टाकीतच असतो आणि पाणी-गंज त्यालाही बाधतो, म्हणून तिथेही टाकी भरलेलीच बरी. प्लास्टिकच्या टाकीला गंजाची भीती नाही.

वर्षभर ठेवायची असेल तर टाकी रिकामी करतात, हे खरं. पण रिकामी म्हणजे कोरडी करून आतून तेलाचा हात फिरवलेली. तळाशी जेमतेम पेट्रोल ठेवलेली नव्हे.