वाचकांचे प्रश्न : माणूस माणसाचं मांस खाईल का?

प्रश्न : अँडीजमधल्या विमान अपघातातून वाचलेल्यांनी मृत सोबत्यांचं मांस खाल्लं, असं वाचलं. कितीही उपासमार झाली तरी साधा, पापभीरू माणूस या थराला जाईल?

उत्तर : जातो, पण सहजासहजी नाही. 13 ऑक्टोबर 1972 रोजी उरुग्वेच्या हवाई दलाचं विमान तिथे कोसळलं. आत 45 जण, त्यात रग्बी संघातली कॅथलिक घरांतली मुलं. जागा साडेतीन हजार मीटरांवर. गवताचं पातंही नाही. थोडं चॉकलेट, जॅम आणि वाइन संपल्यावर बॅगांचं कातडं चावून झालं. पण कमावलेल्या कातड्यात रसायनं असतात, त्यानं अपायच व्हायचा. दहाएक दिवसांनी निर्णय झाला. ‘मी गेलो तर माझा देह वापरा’ असा शब्द त्यांनी एकमेकांना दिला. काचेच्या तुकड्यानं पातळ पट्ट्या कापून विमानाच्या पाठीवर उन्हात वाळवायच्या, खुर्च्यांतल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बर्फ वितळवून पाणी करायचं, असं चाललं. काहींनी तरी बरेच दिवस तोंड फिरवलं. 72 दिवसांनी 16 जण सुटले.

आपल्याकडेही 1630-32च्या दुष्काळात, ज्यात तुकोबांचं दिवाळं निघालं त्यातच, दख्खन आणि गुजरातेत माणसं माणसांना खाऊ लागल्याचं शहाजहानचा दरबारी इतिहासकार लाहोरी लिहितो. दरबारी लेखणीतली अतिशयोक्ती वजा करून वाचावं.

प्रश्न : नीट शिजवलं तर रोगाची भीती राहत नाही ना?

उत्तर : राहते, आणि गोम इथेच आहे. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातले फोरे लोक शोकविधी म्हणून मृत नातलगाला खात. भूक हे कारण नव्हतं, शत्रुत्व तर नव्हतंच. मेंदू बहुतेक बायका आणि लहान मुलांच्या वाट्याला येई, म्हणून ‘कुरू’ हा रोगही मुख्यतः त्यांनाच झाला. आधी चालताना तोल जातो, मग हातपाय थरथरतात, पुढे बसताही येत नाही, गिळता येत नाही. साधारण वर्षभरात मृत्यू.

याला जंतू कारण नाही. प्रायॉन हे चुकीची घडी पडलेलं प्रथिन शेजारच्या निरोगी प्रथिनालाही तशीच घडी पाडतं. त्यात मारण्यासारखं जिवंत काही नसतं, त्यामुळे उकळून किंवा भाजून भागत नाही. घरचा कुकर फार तर 120 अंशांपर्यंत जातो. रुग्णालयात प्रायॉन लागलेल्या उपकरणांसाठी 134 अंशांची दाबाखालची वाफ 18 मिनिटं ठेवतात, तीही पुरेलच याची हमी नसते. मृतदेह टिकवायला वापरतात त्या फॉर्मॅलिननं तर ते आणखी चिवट होतं.

प्रथा 1960च्या सुमारास थांबली. तरी काहींना पन्नास वर्षांनी कुरू झाला, इतका तो दबा धरून बसतो. प्रथा बंद झाल्यावर जन्मलेल्यांमध्ये मात्र तो आढळला नाही.

प्रश्न : कायद्यानं हा खून ठरतो का?

उत्तर : आधीच मेलेल्याला खाल्लं तर खून नाही. खाण्यासाठी मारलं तर खूनच, जीव वाचवण्याची सबब चालत नाही. 1884 साली ‘मिन्योनेट’ ही नौका बुडाल्यावर तिच्यावरच्या डडली आणि स्टीफन्स या खलाशांनी सोबतच्या 17 वर्षांच्या पोऱ्याला मारून खाल्लं. इंग्लंडच्या न्यायालयानं दोघांना फाशी सुनावली. पुढे ती सहा महिन्यांच्या कैदेवर आणली गेली.