वाचक विचारतात : फौजेतली नोकरी लपवावी का?

प्रश्न : धाकटा भाऊ मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाला. भावजय अमेरिकेत नर्स आहे, म्हणून तोही तिकडे गेला आणि गेल्या वर्षी तिथला नागरिक झाला. आता एका कंपनीतल्या कामासाठी त्याला सिक्युरिटी क्लिअरन्सचा, म्हणजे गोपनीय सरकारी कामासाठीच्या मंजुरीचा, फॉर्म भरायचा आहे. इथले जाणते म्हणतात, ‘भारतीय फौजेचं लिहिलंस तर दुहेरी नागरिक ठरशील.’ मोहोळ तालुक्यातल्या सातबाऱ्यावर त्याचंही नाव आहे.
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : जाणत्यांनी नागरिकत्व आणि फौजेतली नोकरी या दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत केली आहे.

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ प्रमाणे परक्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारताचं आपोआप संपतं. जुना पासपोर्ट कपाटात पडून असला तरी भाऊ भारताचा नागरिक राहत नाही. मात्र तो पासपोर्ट वकिलातीत जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यावंच लागतं. त्याआधी सगळ्या पानांची झेरॉक्स काढा, कारण क्लिअरन्सच्या फॉर्ममध्ये (एसएफ-८६) आजवर मिळालेल्या परदेशी पासपोर्टचे तपशील आणि त्यावरचे प्रवास विचारतात. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) असेल तर ते नागरिकत्व नाही. शेऱ्याच्या रकान्यात तसं स्पष्ट लिहावं. इथल्या मतदार यादीतलं नाव नमुना ७ भरून कमी करून घ्या. त्या नावावर कुणी मतदान केलं तर ते निस्तरणं अवघड.

आता फौज. एसएफ-८६ या फॉर्मच्या १५ व्या भागात परक्या देशाच्या सैन्यात, पोलिसांत किंवा सरकारी खात्यात ‘कधीही’ काम केलं का, असं विचारतात. इतर काही भागांसारखी इथे सात-दहा वर्षांची मर्यादा नाही. पलटण, हुद्दा, भरती आणि निवृत्तीच्या तारखा, सोडण्याचं कारण, सगळं फौज सोडताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकवरून जसंच्या तसं उतरवावं. बुक हरवलं असेल तर दुय्यम प्रतीसाठी बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करावा लागेल. सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी विचारा. आडनाव आधी, वडिलांचं नाव मध्ये, असा घोळ पासपोर्ट आणि डिस्चार्ज बुकात हमखास असतो. अशी वेगवेगळी नावं ‘इतर नावे’ या भागात द्यावीत.

बहुतेक जण अडखळतात ते पुढच्या प्रश्नावर : जुन्या सहकाऱ्यांशी अजून संपर्क आहे का? पलटणीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे आणि उत्तर ‘नाही’, हे चालणार नाही. ज्यांच्याशी खरोखर बोलणं होतं त्यांची नावं, हुद्दा आणि किती वेळा बोलणं होतं, हे द्यावं. पेन्शन, कँटीन कार्ड, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) या गोष्टी २० व्या भागात परदेशी सरकारकडून मिळणाऱ्या लाभांत येतात. मोहोळची जमीन तिथेच, वडिलोपार्जित हिस्सा म्हणून. वाटणी झालेली नसेल तरी दाखवावीच. किंमत रेडी रेकनरवरून काढली की पुरे, फक्त डॉलरमध्ये.

क्लिअरन्सचा अर्ज स्वतःहून करता येत नाही, कंपनीनेच पुढे करावा लागतो. २०१७ पासून लागू असलेल्या निकषांत परदेशी नागरिकत्व किंवा पासपोर्ट एवढ्यावरून नकार मिळत नाही. परकी निष्ठा आणि परका दबाव या दोन गोष्टी तपासतात, आणि लपवाछपवी हा त्याहून निराळा, स्वतंत्र आक्षेप असतो. जाणूनबुजून खोटं लिहिल्यास अमेरिकी कायद्यात ५ वर्षांपर्यंत कैद आहे. सतरा वर्षांची फौजेची नोकरी लपवून ती दगदग कशाला ओढवून घ्यायची?

प्रश्न : भाचा जन्माने अमेरिकी आहे आणि तिथल्या सैन्यात चाललाय. ओसीआय नंतर काढलं तर चालेल का?
– एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : नाही. परदेशी सैन्यात असलेल्या किंवा त्यातून निवृत्त झालेल्या व्यक्तीला ओसीआय देत नाहीत. आजोळी यायचं तर व्हिसा लागेल. त्या अर्जातही सैन्य-पोलिसांतल्या नोकरीचा रकाना असतो. तिथे हुद्दा आणि नेमणुकीचं ठिकाण भरावं लागतं.