प्रेशर वॉशरने घरीच गाडी धुतल्यास रंग खराब होतो का? सुरक्षितपणे कसे धुवावे?

खोक्यावर 130 बार असा आकडा छापलेला प्रेशर वॉशर तुम्ही नुकताच घेतला आहे, गाडी सहा वर्षांची आहे, मागच्या डाव्या दरवाजाचे एकदा डेंटिंग-पेंटिंग झालेले आहे, आणि एवढ्या दाबाने रंग निघेल असे शेजारी सांगत असल्याने तुम्ही विचारात पडला आहात. मी माझी गाडी बरीच वर्षे घरी अशाच पंपाने धुतो. कारखान्यातून आलेला रंग शाबूत असेल, तर घरगुती पंपाने तो सहसा निघत नाही. जिथे रंगाची कड आधीच उघडी पडली आहे, तिथे मात्र तो निघू शकतो, आणि त्या दृष्टीने तुमच्या शेजाऱ्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही.

खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा कमाल दाबाचा असतो आणि प्रत्यक्ष वापरातला दाब त्याहून कमी असतो. शिवाय हा दाब पंपातला आहे. पत्र्यावर पाण्याचा मारा किती बसेल हे नोझलचा कोन, नोझल आणि पत्रा यांच्यातले अंतर आणि एका जागी तुम्ही किती वेळ थांबता या तीन गोष्टींवर ठरते. रंगीत नोझलांच्या प्रचलित पद्धतीत लाल नोझल शून्य अंशाचे, पिवळे 15, हिरवे 25 आणि पांढरे 40 अंशांचे असते. गाडीसाठी पांढरे वापरावे, चाकांच्या कमानींत साठलेल्या चिखलासाठी फार तर हिरवे घ्यावे, आणि लाल नोझल गाडी धुताना हाताशी ठेवूच नये. काही पंपांसोबत गोल फिरणाऱ्या धारेचे टर्बो नोझल मिळते. ती धार म्हणजे शून्य अंशाचीच धार वेगाने फिरवलेली असते आणि ती शेवाळलेल्या फरशीसाठी आहे, हे विक्रेते क्वचितच सांगतात. तुमच्या गनला फिरवून धार बदलण्याची सोय असेल, तर पंख्यासारखी पसरलेली धार निवडून ती आधी जमिनीवर सोडून पाहावी आणि मगच गाडीकडे वळवावी.

अंतर किमान 30 सेंटिमीटर ठेवावे. मी सुरुवात दीड-दोन हातांवरून करतो आणि गरज पडली तरच जवळ जातो. धार पत्र्यावर काटकोनात न मारता तिरपी मारावी आणि हात सतत सरकता ठेवावा. एखादा डाग निघत नाही म्हणून नोझल त्याच्याजवळ नेऊन तिथेच रोखून धरण्याचा मोह बहुतेकांना होतो, आणि सर्वाधिक नुकसान तिथेच होते. पक्ष्यांची विष्ठा किंवा झाडाचा चीक दाबाने काढायचा नसतो; ओले फडके त्यावर काही मिनिटे ठेवले की तो अलगद सुटतो.

आता तुमच्या दरवाजाविषयी. कारखान्यातील रंग मोठ्या भट्टीत भाजून घट्ट केलेला असतो, तर गॅरेजमध्ये नंतर मारलेल्या रंगाची पकड खालचा पत्रा किती नीट घासला होता आणि लांबीचा (म्हणजे खड्डे भरण्यासाठी लावलेल्या पुट्टीचा) थर किती जाड आहे यावर अवलंबून असते. अशा भागात धार जर रंगाच्या कडेखाली शिरली, तर पापुद्रा उचलला जातो आणि पुढे तो वाढतच जातो. म्हणून धुण्याआधी त्या दरवाजाच्या कडा, हँडलभोवतीची जागा आणि खालची पट्टी नीट पाहा. कुठे फुगा, तडा किंवा सुटलेली कड दिसली, तर तो दरवाजा साध्या पाइपाने धुवा. काहीच दिसले नाही, तरी तिथे अंतर दुप्पट ठेवलेले बरे. हीच काळजी बॉनेटच्या पुढच्या कडेवर खडी उडून पडलेल्या टवक्यांजवळ, स्टिकर व संरक्षक फिल्मच्या कडांजवळ, दरवाजांच्या रबरी बीडिंगजवळ आणि मागच्या कॅमेऱ्याजवळ व पार्किंग सेन्सरजवळ घ्यावी. रंगकाम अगदी ताजे असेल, तर निदान महिनाभर प्रेशर वॉशर त्याच्या जवळ नेऊ नये.

धुण्याच्या क्रमाबद्दल माझे मत ठाम आहे. या पंपाचे काम गाडी चकचकीत करणे नाही. हात किंवा कापड लावण्याआधी पत्र्यावरची वाळू आणि माती सैल करून वाहून नेणे एवढेच त्याचे काम आहे, कारण गाडीवर दिसणारे बारीक गोल ओरखडे पाण्यामुळे नव्हे, तर कापडाखाली घासल्या गेलेल्या वाळूमुळे येतात. पावसाळ्यात कोकणातून येणाऱ्या गाडीवर लाल मातीचा जो थर असतो, तो पाहिल्यावर हे लगेच पटते. म्हणून गाडी सावलीत उभी करावी, बॉनेट आणि ब्रेकच्या डिस्क थंड होऊ द्याव्यात, काचा आणि इंधनाचे झाकण बंद असल्याची खात्री करावी आणि मग टपापासून खालपर्यंत साध्या पाण्याने धुवावे. त्यानंतर गाडीसाठीच्या शाम्पूचा फोम मारून पाचेक मिनिटे थांबावे, पण तो वाळू देऊ नये, आणि पुन्हा पाणी मारावे. एवढे झाल्यावरच मायक्रोफायबरच्या हातमोज्याने हलका हात फिरवावा. त्यासाठी शाम्पूच्या पाण्याची एक आणि मोजा खळबळण्याची दुसरी अशा दोन बादल्या ठेवाव्यात. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचे साबण वापरू नयेत, कारण त्यांनी वॅक्सचा थर उतरतो.

चाकांच्या कमानी आणि खालचा भाग यांना मात्र हा पंप खरोखर उपयोगी पडतो. समुद्रकिनारी जाऊन आलेल्या गाडीचा खालचा भाग तर लवकरात लवकर धुवावा. टायरच्या बाजूच्या भिंतीवर आणि हवेच्या वॉल्व्हवर जवळून धार मारू नये, कारण तिथे झालेली इजा वरून दिसत नाही आणि टायर पुढे वेगात असताना फुटू शकतो. समोरच्या जाळीतून आत धार मारल्यास रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या पातळ पात्या वाकतात. बॉनेट उघडून आत प्रेशर वॉशर मारणे मी पूर्णपणे टाळतो. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि वायरिंगचे जोड यांच्यासाठी ओले फडके आणि ब्रश पुरेसे असतात. गाडी विजेवर चालणारी असेल, तर ती चार्जिंगला लावलेली असताना धुऊ नये.

माणसाच्या सुरक्षेबद्दल कमी बोलले जाते. 1,800 वॅटचा पंप 230 व्होल्टवर सुमारे 8 अँपिअर प्रवाह घेतो, त्यामुळे 6 अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर किंवा टीव्हीच्या एक्स्टेन्शन बोर्डवर तो लावू नये. अर्थिंग असलेले 16 अँपिअरचे सॉकेट आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असणे आवश्यक आहे. पायांत रबरी चप्पल किंवा बूट असावेत आणि ओल्या हाताने प्लगला स्पर्श करू नये. गन गमतीनेही कुणावर, विशेषतः लहान मुलांवर, रोखू नये. जवळून बसलेली धार त्वचेखाली शिरू शकते, आणि वरून जखम टाचणीएवढी दिसली, तरी ताबडतोब रुग्णालयात जावे लागते.

पंप सुरू करण्याआधी नळ उघडून गनमधून पाणी सलग येईपर्यंत ट्रिगर दाबून ठेवावा, म्हणजे आतली हवा निघून जाते. पाण्याविना पंप चालवल्यास त्याची सीले जातात. असे पंप मिनिटाला साधारण 5 ते 7 लिटर पाणी घेतात, त्यामुळे ट्रिगर मोजून सात-आठ मिनिटे दाबला गेला, तर पन्नास लिटरच्या आसपास काम होते. सोसायटीचे नियम तरी आधी विचारून घ्या. मार्च 2024 मधील टंचाईत बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यासाठी 5,000 रुपयांचा दंड ठरवला होता. बोअरचे पाणी जड असते आणि वाळल्यावर पांढरे डाग सोडते, म्हणून शेवटचे पाणी मारताच गाडी मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलने टिपून घ्यावी.

काम झाल्यावर आधी पंप बंद करावा, मग नळ बंद करावा आणि ट्रिगर दाबून पाइपातला उरलेला दाब सोडल्यावरच जोड काढावेत. त्यानंतर गाडी आवारातच हळू चालवून दोन-तीन वेळा हलका ब्रेक मारावा, कारण डिस्क ओल्या असताना ब्रेक नेहमीपेक्षा उशिरा लागतात.