फॅन ‘डायरेक्ट’ करून घेऊ नका

नाशिकच्या द्वारका चौकात अडकलं की इंजिनचं पाणी गार करणाऱ्या रेडिएटरचा फॅन जोरात फिरतो, ओझरकडे हायवेला लागलं की आवाज बंद, घरी चावी काढली तरी दोनेक मिनिटं चालूच. टेम्परेचरचा काटा मात्र मधोमध. तुम्ही लिहिलेलं हे सगळं नॉर्मल आहे. मेकॅनिक ‘फॅन डायरेक्ट करून देतो’ (म्हणजे सेन्सर वगळून सतत चालू राहील असा जोडतो) म्हणत असेल तर स्पष्ट नाही म्हणा.

कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, साधारण 82 ते 88 अंशांना पोचलं की थर्मोस्टॅट (तापमानावर उघडणारा व्हॉल्व्ह) उघडतो आणि ते रेडिएटरमध्ये जायला लागतं. फॅन त्याच्याही नंतर, बहुतेक पेट्रोल गाड्यांत 95 ते 100 अंशांच्या आसपास, सेन्सरच्या रीडिंगवरून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) रिले (फॅनचा विजेवर चालणारा स्विच) ओढतो तेव्हा लागतो. पाच-सात अंश उतरले की बंद. हायवेला समोरून येणारा वाराच पुरतो, म्हणून तिथे फॅनची गरज पडत नाही. एसी लावल्यावर मात्र इंजिन गार असलं तरी तो फिरणार, कारण रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या एसीच्या कंडेन्सरलाही हवा लागते. इंजिन बंद झालं की वॉटर पंप थांबतो, आतली उष्णता तिथेच कोंडते, त्यामुळे काही गाड्यांत फॅन नंतरही चालतो. म्हणून गाडी नुकतीच बंद केली असेल तर फॅनजवळ हात घालू नका, तो आपोआप सुरू होऊ शकतो.

डायरेक्ट केल्याने काय होतं? फॅन 10-20 अँपिअर सतत खेचतो. अल्टरनेटरवर (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरवर) लोड, मोटरचे ब्रश लवकर झिजतात, आणि रिले न टाकता बारीक वायरवर जोडला तर वायर वितळते. सगळ्यात वाईट म्हणजे सेन्सर किंवा रिले गेल्याचं कधी कळतच नाही. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्लाही असाच घातक. निफाडकडच्या थंडीत इंजिन तापणारच नाही, ईसीयू जास्त पेट्रोल सोडत राहील, अ‍ॅव्हरेज पडेल.

खात्री करायची तर सकाळी गार इंजिनवर कूलंटच्या बाटलीत लेव्हल मिन-मॅक्सच्या मध्ये आहे का बघा. लेव्हल फार उतरली तर सेन्सरपाशी पाण्याऐवजी वाफ राहते, रीडिंग चुकतं आणि गाडी तापूनही फॅन लागत नाही. मग एसी लावा, फॅन काही सेकंदांत फिरायला हवा. एसी बंद करून गाडी आयडलवर सोडा. पंधरा-वीस मिनिटांत फॅन लागून मिनिटभराने थांबला, परत लागला, की सर्किट ठीक आहे.

गार इंजिनला चावी फिरवताच, एसी बंद असूनही, फॅन फुल स्पीडला गेला तर सेन्सरचा कनेक्टर आधी तपासा. सिग्नल तुटला की ईसीयू सुरक्षिततेसाठी फॅन चालू ठेवतो. कनेक्टर बरा निघाला तर रिले चिकटला असेल. फॅन फक्त फुल स्पीडलाच लागतो, स्लो लागतच नाही, असं असेल तर बहुधा स्पीड कमी करणारा रेझिस्टर उडालाय. अजिबात फिरत नसेल तर फ्यूज, रिले, मग मोटरला थेट 12 व्होल्ट देऊन बघा, याच क्रमाने.

मुंबईहून येताना कसारा घाटात काटा वर सरकायला लागला तर एसी बंद, हीटर फुल (इंजिनची उष्णता तिकडून निघते), आणि सुरक्षित जागा दिसली की गाडी बाजूला. काटा लाल पट्ट्यात गेला असेल तर इंजिन लगेच बंद करा. रेडिएटर कॅपला निदान अर्धा-पाऊण तास हात लावू नका, आत दाबाखाली उकळतं पाणी असतं.