फार्स, स्लॅपस्टिक, ब्लॅक कॉमेडी: सिनेमातले हे प्रकार ओळखायचे कसे?

हसू नेमकं कशामुळे आलं ते बघा, तेही अख्ख्या सिनेमाचं नाही, एकेका प्रसंगाचं. एकाच सिनेमात दोन-तीन प्रकार सहज नांदतात.

धडपड, आपटाआपटी असेल तर स्लॅपस्टिक. चॅप्लिनच्या ‘मॉडर्न टाइम्स’मध्ये (१९३६) जेवण भरवणारं यंत्र बिघडतं आणि मक्याचं कणीस त्याच्या तोंडावर गरागरा फिरतं. संवादाची गरजच नाही.

फार्स म्हणजे एक थाप लपवायला दुसरी. आम्हा ठाणेकरांना तो गडकरी रंगायतनमधल्या नाटकांमुळे चांगलाच ओळखीचा! ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) घ्या: घरमालकीण जोडप्यांनाच जागा देणार, म्हणून चौघा मित्रांपैकी दोघं बायका बनतात आणि मग प्रत्येक एंट्रीला बिंग फुटायची धास्ती. इथे टायमिंग चुकलं की सगळंच मुसळ केरात. माझ्या मते हा सगळ्यात अवघड प्रकार.

ब्लॅक कॉमेडीत मरण, गुन्हा असल्या गोष्टींवर हसवतात. ‘जाने भी दो यारो’मध्ये (१९८३) मृतदेहाच्या पळवापळवीत धमाल उडते, पण शेवटी निर्दोष फोटोग्राफरच तुरुंगात जातात. शिवाय बिल्डर आणि पालिका आयुक्तांच्या साट्यालोट्यावर बोट ठेवल्याने तो उपहासातही मोडतो.